क्लास वन, टू, थ्री: अमेरिकेतल्या मालवाहू रेल्वे कंपन्यांची वर्गवारी आणि तुमच्या सायडिंगचा प्रश्न

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते, म्हणजे मधेच वाचायला येणाऱ्यांनाही कळेल. पुण्याजवळ तुमची प्लास्टिक मोल्डिंगची कंपनी आहे, ओहायोत एक बंद पडलेला प्लांट विकत घ्यायचं चाललंय आणि दोन जागा शॉर्टलिस्ट झाल्यात. एकीच्या ब्रोशरवर ठळक अक्षरात 'क्लास वन रेल सर्व्हिस' लिहिलंय आणि ती बरीच महाग आहे. दुसरीच्या सायडिंगवर (म्हणजे मेन लाइनवरून प्लांटच्या आत येणाऱ्या रुळावर) एक छोटी कंपनी येते, ती 'क्लास थ्री' आहे, आणि तुमचे पार्टनर म्हणतायत की थर्ड क्लास रेल्वेच्या नादाला कशाला लागायचं. तर ही वर्गवारी करतं कोण, कशावरून करतं, आणि तिच्यासाठी जास्तीचे पैसे मोजावेत का, असं तुम्ही विचारलंय.

मी शिकागोजवळ असते, माल पाठवणाऱ्या कंपन्यांच्या बाजूने रेल्वेचे रेट तपासणं, कॉन्ट्रॅक्ट वाचणं आणि डिमरेजच्या, म्हणजे वॅगन ठरल्यापेक्षा जास्त वेळ अडकवल्याच्या, बिलांवरून भांडणं हा माझा रोजचा धंदा. त्यामुळे उत्तर त्याच चष्म्यातून येणार, रेल्वेत नोकरी करणाऱ्याने दिलं असतं तर थोडं वेगळं आलं असतं हे धरून चला.

क्लास म्हणजे त्या कंपनीचं वर्षाचं उत्पन्न कुठल्या गटात बसतं एवढंच. सेवा चांगली की वाईट, रूळ दणकट की कुजलेले, गाडी वेळेवर येते की नाही, यातलं काहीही त्यात मोजलेलं नसतं. आपल्याकडे नगरपरिषदांना लोकसंख्येवरून अ वर्ग, ब वर्ग, क वर्ग देतात ना, तसंच हे, गाव अ वर्गात आहे म्हणून तुमच्या नळाला रोज पाणी येईल असं काही नाही.

हे गट ठरवते सर्फेस ट्रान्सपोर्टेशन बोर्ड, म्हणजे एसटीबी. ही संस्था १९९६ ला सुरू झाली, त्याआधी १८८७ पासून हेच काम इंटरस्टेट कॉमर्स कमिशनकडे होतं. कमिशनने १९११ मध्ये पहिल्यांदा असे तीन गट पाडले तेव्हा वर्षाला १० लाख डॉलर कमावणारी कंपनी क्लास वन व्हायची, त्यामुळे त्या काळी क्लास वन कंपन्या शंभरावर होत्या. मग महागाई वाढली तशी ही रेषा वर सरकवत नेली, १९५६ ला ३० लाख, १९६५ ला ५० लाख, १९७६ ला १ कोटी, १९७८ ला एकदम ५ कोटी, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला २५ कोटी डॉलर, तेही १९९१ च्या किमतीत. त्या शेवटच्या उडीत फ्लोरिडा ईस्ट कोस्टसारखी कंपनी क्लास वनमधून खाली क्लास टूमध्ये आली. रूळ तेच, इंजिनं तीच, जॅक्सनव्हिल ते मायामी रस्ता तोच, फक्त सरकारी रेषा हलली.

सध्याचा नियम २०२१ चा आहे. क्लास वनसाठी ९० कोटी डॉलर, क्लास थ्री म्हणजे ४ कोटी ४ लाखांच्या आत, आणि मधले सगळे क्लास टू. हे आकडे २०१९ च्या किमतीतले आहेत, दरवर्षी रेल्वे भाड्याच्या निर्देशांकाप्रमाणे ते वर चढतात, म्हणून २०२२ च्या उत्पन्नाला लावताना क्लास वनची रेषा १०३ कोटींवर गेली होती. (नेटवर तुम्हाला २५ कोटी, ५० कोटी, ९० कोटी, १०० कोटी असे चारही आकडे सापडतील, चारही आपापल्या वर्षासाठी बरोबर आहेत, म्हणूनच लोक वाद घालत बसतात.) आणि एक वर्ष धंदा जोरात झाला म्हणून कंपनी लगेच वरच्या गटात जात नाही, लागोपाठ तीन वर्षं रेषेच्या वर राहावं लागतं, खाली यायलाही तीन वर्षंच.

२०२१ ला रेषा एवढी का वाढवली याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. मोंटाना रेल लिंक नावाची एक कंपनी होती, १९८७ मध्ये बर्लिंग्टन नॉर्दर्नकडून दक्षिण मोंटानातली मेन लाइन लीजवर घेऊन सुरू झालेली. तिच्यावरून बीएनएसएफचीच, म्हणजे त्याच बर्लिंग्टन नॉर्दर्नच्या पुढच्या अवताराची, वाहतूक भरपूर जायची, त्यामुळे कंपनी तशी प्रादेशिक असूनही उत्पन्न चढत चढत क्लास वनच्या जुन्या रेषेजवळ पोचलं, जी तोपर्यंत महागाई धरून साधारण ५० कोटी ४८ लाख झाली होती. क्लास वन झालं की सरकारला द्यायचे रिपोर्ट, ठरावीक पद्धतीने ठेवायचे हिशोब, सगळंच अंगावर येतं. म्हणून तिने बोर्डाकडे अर्ज केला की रेषाच वाढवा, आणि बोर्डाने वाढवली. पुढे बीएनएसएफने लीज परत घेतली आणि २०२४ च्या सुरुवातीपासून ती लाइन बीएनएसएफच चालवते, म्हणजे जिच्यासाठी नियम बदलला ती कंपनी आता त्या रुळांवर नाही. नियम मात्र आहे.

आता तुमच्या पार्टनरसाठी दोन अपवाद, दोन्ही मला 'क्लास थ्री म्हणजे कमअस्सल' या समजुतीचं सगळ्यात चांगलं उत्तर वाटतात.

पहिला, स्विचिंग आणि टर्मिनल कंपन्या. ज्या फक्त यार्डात वॅगन लावणं-काढणं आणि एका रेल्वेकडून दुसरीकडे पोचवणं एवढंच काम करतात, त्या उत्पन्न कितीही असलं तरी क्लास थ्रीच धरल्या जातात. शिकागोतली बेल्ट रेल्वे घ्या, तिचं क्लिअरिंग यार्ड साडेपाच मैल लांब आहे, टेकडीवरून वॅगन सोडून खाली वेगवेगळ्या रुळांवर वाटतात, आणि तिचे मालक कोण तर सहाच्या सहा क्लास वन कंपन्या. अमेरिकेतल्या रेल्वे मालापैकी साधारण एक चतुर्थांश शिकागो परिसरातून जातो असं म्हणतात, आणि त्यातला बराचसा या 'क्लास थ्री'च्या हातून जातो.

दुसरा, होल्डिंग कंपन्या. जेनेसी अँड वायोमिंगकडे शंभरावर छोट्या रेल्वे आहेत, सगळ्यांचं उत्पन्न एकत्र केलं तर रेषा सहज ओलांडली जाईल, मग ती क्लास वन का नाही? कारण मोजणी एकेका रेल्वेची होते, आणि या रेल्वे ठिकठिकाणी विखुरलेल्या आहेत, सगळ्या मिळून एक जाळं म्हणून चालत नाहीत. एकाच मालकाच्या रेल्वे एकत्र जोडून एक जाळं म्हणून चालवल्या तर मात्र बोर्ड त्यांना एक धरतं, कॅनेडियन नॅशनलच्या अमेरिकेतल्या उपकंपन्यांचं तसंच होतं, त्या ग्रँड ट्रंक कॉर्पोरेशन या एका नावाखाली रिपोर्ट होतात. तेव्हा तुमच्या सायडिंगवरची ती 'छोटी' कंपनी खरंच गावातल्या दोन भावांची आहे की मोठ्या ग्रुपची, हे आधी बघा. विमा, दुरुस्तीचं बजेट, फोन उचलणारा माणूस, सगळं त्यावर अवलंबून असतं. दोन भावांची असली तरी वाईट असेल असं नाही हं, उलट फोन तेच उचलतात.

आणखी एक घोळ इथेच मिटवून टाकू. ब्रोशरमध्ये 'रिजनल', 'लोकल', 'शॉर्ट लाइन' असेही शब्द असतात. ते बोर्डाचे नाहीत, ते असोसिएशन ऑफ अमेरिकन रेलरोड्सचे, म्हणजे रेल्वेवाल्यांच्या स्वतःच्या संघटनेचे. ३५० मैल किंवा त्याहून जास्त मार्ग, किंवा ४ कोटी डॉलर ते क्लास वनच्या रेषेपर्यंत उत्पन्न, तर रिजनल. त्याच्या खाली लोकल. आणि बोलताना रिजनल, लोकल, टर्मिनल सगळ्यांना मिळून शॉर्ट लाइन म्हणतात, अशा साधारण ६०० आहेत. म्हणून एखादी रेल्वे मैलांवरून रिजनल आणि पैशावरून क्लास थ्री असू शकते, त्यात काही फसवणूक नाही. ओहायोतच ब्रूस्टरला मुख्य ऑफिस असलेली व्हीलिंग अँड लेक एरी क्लास टू आहे, आणि तिथे सायडिंग मिळाली तर मी ग्राहकाला नको म्हणणार नाही.

तुमच्या कामाच्या दृष्टीने खरी महत्त्वाची 'क्लास' वेगळीच आहे, आणि तीच कुणी सांगत नाही. फेडरल रेलरोड अ‍ॅडमिनिस्ट्रेशन रुळांना क्लास देतं, तेही १, २, ३ असेच, फक्त कंपन्यांना रोमन आकडे आणि रुळांना साधे. आणि हा क्रम बरोबर उलटा आहे! कंपन्यांमध्ये एक नंबर सगळ्यात मोठा, रुळांमध्ये एक नंबर सगळ्यात हळू. क्लास १ रुळावर मालगाडी ताशी १० मैलांच्या वर नेता येत नाही, क्लास २ वर २५, क्लास ३ वर ४०, क्लास ४ वर ६०. क्लास वन कंपनीच्या फांदीवरच्या, म्हणजे ब्रँच लाइनच्या, रुळाचा क्लास १ असू शकतो, असतोच पुष्कळदा. एखाद्या दलालाने फोनवर "ट्रॅक क्लास वन आहे" असं सांगितलं तर आनंदाने उड्या मारू नका, तो ताशी १० मैलांबद्दल बोलत असण्याची शक्यता आहे.

क्लास वन सध्या कोण ते एका दमात सांगते: युनियन पॅसिफिक, बीएनएसएफ, सीएसएक्स, नॉरफोक सदर्न, आणि कॅनडातून आलेल्या कॅनेडियन नॅशनल आणि सीपीकेसी. शेवटची एप्रिल २०२३ मध्ये कॅनेडियन पॅसिफिक आणि कॅन्सस सिटी सदर्न एकत्र होऊन झाली, तेव्हा सातच्या सहा झाल्या, आणि कॅनडा, अमेरिका, मेक्सिको तिन्ही देशांत एकसलग जाणारी ती एकटीच. कॅनडाचा नियम वेगळा आहे, तिकडे लागोपाठ दोन वर्षं २५ कोटी कॅनेडियन डॉलरच्या वर उत्पन्न असलं की क्लास वन. मेक्सिकोत १९९० च्या दशकात सरकारी रेल्वेचे तुकडे करून ते कन्सेशनवर दिले, त्यातली फेरोमेक्स आकाराने मोठी आहे म्हणून उत्तर अमेरिकेच्या यादीत लोक तिला क्लास वनच्या शेजारी बसवतात, पण एसटीबीचा गट तिला लागू नाही. तुमचा कच्चा माल टेक्सासहून येणार असेल तर या परिच्छेदातलं कॅनडा-मेक्सिको विसरून गेलात तरी चालेल.

आता कच्च्या मालाकडेच येते, कारण तुमचा निर्णय तिथे होणार आहे. प्लास्टिकचे दाणे बहुतेक ह्यूस्टनच्या आसपासच्या किंवा लुइझियानातल्या कारखान्यांतून निघतात. तिकडे युनियन पॅसिफिक आणि बीएनएसएफचं राज्य, ओहायोत सीएसएक्स आणि नॉरफोक सदर्नचं. म्हणजे माल कुठेतरी एका मोठ्या रेल्वेकडून दुसरीकडे हवाली होणारच, ईस्ट सेंट लुइसला, मेम्फिसला, न्यू ऑर्लिन्सला किंवा शिकागोला. महाग जागा घेतलीत तर एकूण दोन रेल्वे, स्वस्त घेतलीत तर शेवटच्या काही मैलांसाठी तिसरी. ही तिसरी रेल्वे तुम्हाला फायद्याची की तोट्याची हे चार-पाच गोष्टींवर ठरतं, आणि त्या मला तुमच्या पोस्टमधून कळत नाहीत.

पहिली वजनाची. इथल्या मेन लाइनवर चार धुरींची भरलेली वॅगन एकूण २ लाख ८६ हजार पौंडांपर्यंत चालते. पण बऱ्याच शॉर्ट लाइनवर एखादा जुना पूल किंवा हलका रूळ असतो आणि मर्यादा २ लाख ६३ हजारांवर थांबते. फरक २३ हजार पौंडांचा, म्हणजे प्रत्येक हॉपरमागे (हॉपर म्हणजे दाणे भरायची वॅगन) साधारण साडेदहा टन माल कमी. रेल्वे भाडं बहुतेक वॅगनमागे असतं, टनामागे नाही, आणि दाण्यांचे हॉपर सहसा रेल्वेचे नसतातच, कारखान्याने किंवा लीजिंग कंपनीने पुरवलेले असतात (बाजूला लिहिलेल्या खुणेच्या शेवटी एक्स असेल तर वॅगन रेल्वे कंपनीच्या मालकीची नाही असं समजा). म्हणजे तेवढाच माल आणायला जास्त वॅगन, जास्त भाडं, जास्त लीज. जमिनीत वाचलेले पैसे यात काही वर्षांत जाऊ शकतात. शॉर्ट लाइनला लेखी विचारा की जंक्शनपासून तुमच्या गेटपर्यंत २८६ (हजार पौंड) चालतं का. "हो चालतं" एवढं तोंडी उत्तर मी तरी कधी धरत नाही, ईमेलवर मागते.

दुसरी, रेट कोण ठरवतं. काही शॉर्ट लाइन स्वतः रेट देतच नाहीत, क्लास वनने तुमच्याशी ठरवलेल्या एकाच भाड्यातून त्यांना प्रत्येक वॅगनमागे ठरलेली रक्कम मिळते, तुमच्यासाठी बिल एकच. काही ठिकाणी प्रत्येक रेल्वे आपापलं वेगळं बिल लावते, त्याला रूल ११ म्हणतात. दोन्हींत आपोआप वाईट असं काही नाही, पण दुसऱ्या प्रकारात तीन बिलांची बेरीज तुम्हीच करायची असते, आणि इंधन अधिभार तिघांचा तीन तऱ्हेचा.

तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यात मोलाची: ती शॉर्ट लाइन किती मोठ्या रेल्वेंना जोडलेली आहे? सीएसएक्स आणि नॉरफोक सदर्न दोन्हींना जोडलेली असेल तर तुमच्या हातात घासाघीस आहे, दोघांकडून रेट मागवता येतात. महागड्या जागेवर मात्र एकच क्लास वन, आणि एकाच रेल्वेवर अडकलेल्या गिऱ्हाइकाला रेट कसा लागतो ते मी रोज बघते. पण इथेही एक गोम आहे. बऱ्याच शॉर्ट लाइन म्हणजे मोठ्या रेल्वेने विकलेल्या किंवा लीजवर दिलेल्या फांद्या, विशेषतः १९८० च्या स्टॅगर्स कायद्यानंतर असं भरपूर झालं. विकताना करारात अट घालून ठेवतात की माल आमच्याकडेच द्यायचा, दुसऱ्या रेल्वेला दिलात तर दंड किंवा जास्त भाडं. नकाशावर दोन जोडण्या दिसतात, कागदावर एकच असते. हे सरळ विचारायचं, सांगतात लोक.

चौथी, गाडी आठवड्यात किती दिवस येते आणि न्यायला-आणायला कुणाला फोन करायचा. इथे क्लास वनचं नाव बघून निर्धास्त राहू नका. गेल्या काही वर्षांत मोठ्या रेल्वेंनी कमी माणसं, कमी इंजिनं, लांब गाड्या अशी पद्धत आणली, पीएसआर म्हणतात तिला, आणि फटका बसला तो लहान गिऱ्हाइकांच्या लोकल गाड्यांना. एप्रिल २०२२ मध्ये तर एसटीबीने सुनावण्या घेतल्या आणि बीएनएसएफ, सीएसएक्स, नॉरफोक सदर्न आणि युनियन पॅसिफिक या चौघांना सेवा सुधारण्याचे आराखडे द्यायला लावले. चारही क्लास वन! महिन्याला पाच-सहा वॅगन मागवणारं गिऱ्हाईक अशा कंपनीला दिसतही नाही, शॉर्ट लाइनला तेच गिऱ्हाईक जपावं लागतं. शिवाय दाण्यांच्या धंद्यात भरलेले हॉपर आधीच आणून जवळच्या यार्डात उभे करून ठेवायची पद्धत आहे, लागेल तसा एकेक आत घ्यायचा, त्याला एसआयटी यार्ड म्हणतात. अशी जागा शॉर्ट लाइनकडे बरेचदा असते, ओहायोतल्या थंडीत वाटेत गाड्या उशिरा झाल्या तरी तुमचं मशीन बंद पडत नाही.

क्लासमुळे कायद्याने काही फरक पडतोच का, तर पडतो, पण तो बहुतेक त्यांच्या बाजूला. क्लास वनला दरवर्षी आर-१ नावाचा जाडजूड रिपोर्ट बोर्डाला द्यावा लागतो आणि तो कुणालाही वाचता येतो, म्हणून सीएसएक्सचा खर्च मी पानं उलटून सांगू शकते, तुमच्या शॉर्ट लाइनचा नाही. उलट क्लास टू आणि थ्रीला रूळ दुरुस्तीसाठी मैलामागे ३,५०० डॉलरच्या मर्यादेपर्यंत आयकरात क्रेडिट मिळतं, डिसेंबर २०२० मध्ये ते कायमचं केलंय. तुमची शॉर्ट लाइन ते वापरून रूळ बदलतेय की नुसतेच स्लीपर मोजतेय, हे जागेवर जाऊन बघण्यासारखं आहे. माल नाकारता येत नाही ही जबाबदारी मात्र तिन्ही क्लासना सारखीच, छोटी कंपनी आहे म्हणून तिला सूट नाही.

अजून एक, निर्णय या वर्षी घेताय म्हणून. जुलै २०२५ मध्ये युनियन पॅसिफिक आणि नॉरफोक सदर्नने एकत्र व्हायचं जाहीर केलंय, मंजुरी एसटीबीच्या हातात. झालं तर टेक्सास ते ओहायो एकाच कंपनीच्या रुळांवरून माल येईल, मधली हवाली जाईल, आणि नॉरफोक सदर्नला जोडलेल्या जागेचं गणित बदलेल. चांगल्यासाठी की वाईटासाठी यावर माझ्या ऑफिसात दोन तट आहेत. मी दुसऱ्या तटात आहे, कारण हवालीचा त्रास गेला तरी रेटची घासाघीस करायला एक दार कमी होतं. महाग जागेवरची क्लास वन नेमकी कोणती ते तुम्ही लिहिलेलं नाही, ते कळलं तर या मुद्द्यावर जास्त नेमकं बोलता येईल.

तेव्हा पार्टनरला असं सांगा की क्लास थ्रीला घाबरायचं कारण नाही आणि क्लास वनच्या नावावर प्रीमियम द्यायचंही नाही. मी तुमच्या जागी असते तर शॉर्ट लाइनवाली जागा आधी धरली असती, पण दोन अटींवर: २८६ लेखी मिळालं पाहिजे, आणि दोन मोठ्या रेल्वेंशी जोडणी कागदावरही मोकळी असली पाहिजे. दोन्हींपैकी एक जरी नसेल तर किमतीत तेवढी घट मागा. आणि दोन्ही जागांच्या सायडिंगचा करार विकणाऱ्याकडून आत्ताच मागवून घ्या, गेटच्या आतला रूळ आणि काटा (मेन लाइनवरून तो रूळ फुटतो ती जोडणी) कुणाचा, दुरुस्ती कुणी करायची आणि प्लांट विकला गेला की करार नव्या मालकाच्या नावावर होतो की रद्द होतो हे त्यात असतं. प्लांट बंद पडून दोन-तीन वर्षं झाली असतील तर काटाच उपटून नेलेला असू शकतो, आणि नवा बसवायचा खर्च रेल्वे तुमच्याकडूनच घेणार.